आडव्या बाटलीला सोळा कमी

यादीत बाया सहाशे बारा.
निम्म्याहून एक जास्त पाहिजे, तीनशे सात,
आलेल्यांतल्या नाही, यादीतल्या.
तहसीलमधल्या बाबूनं मला हे दोनदा समजावलं.
मी अंगणवाडीत रोज पट मांडते,
एकदाच सांगितलं असतं तरी चाललं असतं.

सह्या घेतल्या त्या भादव्यात.
निंदण सरलं होतं, बाया घरी होत्या,
तीन दिवसांत दोनशे आठ, निम्मे अंगठे.
मग कागद यवतमाळला जाऊन बसला,
बसला तो बसलाच,
आणि उठला तेव्हा तारीख घेऊन आला:
डिसेंबर, मंगळवार, आठ ते पाच.

शिवारात कापूस फुटून पांढराफटक.

त्या मंगळवारी वेचणीचा भाव बारा रुपये किलो.
सोमवारी नऊ होता. बुधवारी परत नऊ.
का, ते कोणी कोणाला विचारलं नाही,
मॅटॅडोर कोणाचा ते सगळ्यांना ठाऊक.
पहाटे पाचला पंचफुला गेडाम फळीवर पाय ठेवून म्हणाली,
"मी येतो ना बाई चारच्या आत. मुकडदमाला सांगतलं हाये."
पन्नास किलोला दीडशे जास्त.
मी तिला उतर म्हणू शकले नाही.
माझं मानधन महिन्याच्या महिन्याला येतं,
उशिरा येतं, पण येतं.

शाळेत चौथीच्या वर्गात पडदा लावला.
चिठ्ठीवर दोन बाटल्या, एक उभी, एक लेटलेली.
समोरच्या पानटपरीवर माणसं, बोटांवर मोजत.
सयत्राबाई कुमरे सगळ्यांत आधी आल्या,
बाहेर येऊन माझ्या कानात म्हणाल्या,
"उभीच्या टाळक्यात हाणला शिक्का. मेली पायजे."
मी काय बोलणार?
दोन वाजता अडीचशे.
चार वाजता साहेबांनी डबा उघडून पोळी खाल्ली.
मी फाटकाशी, डोळे वणीच्या रस्त्याला.

मॅटॅडोर आला साडेपाचला.
दाराला कुलूप, कुलपाला लाख, लाख अजून ओली.
एकतीस बाया उतरल्या, केसांत कापूस,
बोंडांनी ओरबाडलेली बोटं.
पंचफुलानं डावा हात पुढं केला,
"शाई तं लावा. घरी दाखवाले होईन."
शाईची बाटली पेटीत गेली होती,
उभी की आडवी, मी पाहिलं नाही.

झालेलं मतदान तीनशे एकाहत्तर.
आडवी दोनशे एक्याण्णव.
उभी त्रेसष्ट, सयत्राबाई धरून.
सतरा बाद.
सोळा कमी.

न आलेल्या दोनशे एक्केचाळीस.
त्यात दारव्ह्याला, पुसदला दिलेल्या पोरी,
चाकणला कंपनीत गेलेली माझी नणंद,
आणि गोकर्णा ठवरे,
जिचा हात नवऱ्यानं दोनदा मोडला,
जिला जाऊन दोन वर्षं झाली,
जिचं नाव अजून पान सात, ओळ चौदा.
तीही दुकानाच्या बाजूनं मोजली गेली.

आता वर्षभर पुन्हा मागता येत नाही.
सोसायटीचं कॅलेंडर काढून बसले एका रात्री.
पेरा खोडला. डवरणं, निंदण खोडलं.
वेचणी, तूर, हरभऱ्याचं सोंगणं,
लग्नसराई, मोहाची फुलं.
खोडता खोडता पेनची रिफिल संपली,
पेन्सिलनं खोडलं.
उरला तान्हा पोळा.
त्या दिवशी निंदायला कोणी जात नाही,
पोरं लाकडी बैल घेऊन घरोघर फिरतात,
आणि प्रत्येक दाराशी एक बाई उभी असते.

यवतमाळला गेले, साहेबांपुढं पान ठेवलं.
चष्मा पुसत पाहिलं त्यांनी.
"अहो ताई, त्या दिवशी तर सुट्टी असते."

"बायांना नसते," मी म्हटलं,
"पण गावात असतात."